बारकीची यादी आणि माझी सही

बारकी माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीची मुलगी. तिला नोकरी मी लावली, काम मी शिकवलं, आणि तिच्यावर मी जेवढी जळले तेवढी आयुष्यात कुणावर जळले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला साधीभोळी समजायला नको.

जन्मली तेव्हा कशीबशी दोन किलोची होती, म्हणून बारकी. आता चौतीस वर्षांची आहे, माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे, तरी बारकीच. आधी एका कुरिअरच्या ऑफिसात पाकिटांवर शिक्के मारायची. ते ऑफिस बंद पडलं तेव्हा बहीण माझ्याकडे फोनवर तासभर रडली. मी मोठ्या बाईंकडे शब्द टाकला आणि पंधरा दिवसांत बारकी आमच्या तळघरात हजर झाली. मोठ्या बाई म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. त्या हुद्द्याने मोठ्या, वयाने माझ्याहून नऊ वर्षांनी लहान.

आमचं तळघर म्हणजे हॉस्पिटलचा निर्जंतुकीकरण विभाग. वर ऑपरेशन झालं की वापरलेली अवजारं खाली येतात. भिंतीत एक खिडकी आहे. तिच्या पलीकडे धुणाऱ्या बाया, अलीकडे आम्ही बांधणाऱ्या. आम्ही मोजायचं, ट्रेमध्ये लावायचं, दुहेरी कापडात बांधायचं आणि ऑटोक्लेव्हमध्ये वाफेला घालायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण सेट म्हणजे काही एक ताट आणि दोन वाट्या नव्हेत. मोठ्या ट्रेमध्ये लहान ट्रे असतो, त्यात डबे असतात, एखाद्या डब्यात डबी असते आणि त्या डबीत तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी असतं, जे नसलं तर वर सर्जन हात हवेत धरून उभा राहतो.

हे सगळं माझ्या डोक्यात होतं. सेट बांधण्याआधी आत एक चिठ्ठी जाते, तिच्यावर "सेट पूर्ण" असं लिहून सही करायची. बावीस वर्षं ती शेवटची सही माझी. दुसऱ्या कुणीही बांधलेला सेट माझ्या हाताखालून गेल्याशिवाय वर जात नसे. थिएटरमधल्या सिस्टर म्हणायच्या, "ताईंची सही आहे ना, मग झालं." हे वाक्य मी घरी येऊन किती वेळा सांगितलं असेल, ते आमच्या ह्यांनाच विचारा. मला ना पदवी, ना पद. होती ती ही सही.

याद्या कार्डांवर होत्या, पण नुसत्या नावाला. प्लास्टिकच्या पाकिटातली पिवळी पडलेली कार्डं, वाफेने शाई पसरलेली. काही सेट बदलले होते, कार्डं तीच राहिली होती. कुणाला अडलं की कार्ड कुणी बघत नसे, मला हाक मारत. मला ते आवडायचं, कशाला खोटं बोलू?

मग एका तपासणीत वरच्या साहेबांनी ती कार्डं पाहिली आणि मोठ्या बाईंना सगळ्यांसमोर सुनावलं. बाई खाली आल्या त्या तोंड पाडून. "याद्या कॉम्प्युटरवर आणायच्या म्हणतात. कंपनीला सांगितलं तर वर्ष जाईल. आणि इथे तळघरात नेटवर्क तर फिरकतही नाही."

बारकी कात्र्या पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "मॅडम, नेटवर्क नसलं तरी चालेल. सगळी यादी एका फाइलमध्ये ठेवायची, फाइल इथल्याच कॉम्प्युटरवर ठेवायची आणि ब्राउझरमध्ये तिचं पान दाखवायचं. छोटंसं वेब अ‍ॅप होईल. मी बघू का करून?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. कुरिअर ऑफिस बंद पडल्यापासून ती संध्याकाळी कसल्यातरी क्लासला जाते, एवढं मला माहीत होतं. मला वाटलं होतं, शिवणकाम असेल.

"कर की," मोठ्या बाई म्हणाल्या. मीही म्हणाले, "कर हो," आणि माझी जळायला सुरुवात झाली ती तेव्हाच.

पहिला आठवडा माझ्या फार मजेत गेला. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बारकीने पान उघडलं, तर ते कोरंकरकरीत. फाइल तिथेच शेजारी, पान तिथेच, तरी यादीचा पत्ता नाही. मी मुद्दाम तीन वेळा विचारलं, "काय गं, दिसतंय का काही?" चौथ्या दिवशी तिला उमगलं. मला म्हणाली, "मावशी, ब्राउझर कॉम्प्युटरवरची फाइल आपली आपण उचलत नाही. परकी वस्तू समजतो. आपण आपल्या हाताने त्याला द्यावी लागते." तिने पानावर एक बटण केलं, 'यादी निवडा'. ते दाबून फाइल दाखवली की पान ती वाचायला लागलं. मी म्हटलं, "हो का? बरं," आणि चिमटे आपटून ठेवले.

पण देव माझ्या बाजूने आहे असं मला पुन्हा एकदा वाटलं. पान उघडलं, मोठ्या ट्रेचं नाव आलं, आणि त्याच्याखाली, जिथे लहान ट्रे नि डबे यायचे, तिथे चौकटी कंसात इंग्रजीत 'ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट', 'ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट', अशी अकरा वेळा तीच ओळ. धुणाऱ्या बाया खिडकीतून बघून हसल्या. मी सगळ्यांत मोठ्याने हसले. बारकीही हसली. हाच तिचा दोष. तिच्यावर हसलं की तीही हसते, त्यामुळे हसण्याची मजाच जाते.

दुसऱ्या दिवशी ती दुपारच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसली. "मावशी, तू मला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतंस?"

"काय शिकवलं होतं?"

"डबा हातात आला की आधी बघायचं, आत काही आहे का. असेल तर तो बाजूला ठेवून आतलं आधी उघडायचं. त्याच्याही आत असेल तर ते. आत काही नाही असं झालं की मग मोजत मोजत बाहेर यायचं."

"मग?"

"तेच लिहिलं मी. वस्तू हातात आली की बघ, पोटात काही आहे का. असेल तर तिच्यासाठी पुन्हा हेच कर. किती खोल आहे ते आधी माहीत नसलं तरी चालतं."

आणि तिने पान उघडलं. पोटाच्या ऑपरेशनचा सेट. नावाच्या बाजूला छोटा बाण. बाणावर टिचकी मारली की लहान ट्रे उलगडला, त्यातला डबा उलगडला, डब्यातली डबी उलगडली. प्रत्येक ओळ थोडी आत सरकलेली, म्हणजे कोण कुणाच्या पोटात ते एका नजरेत कळावं. बाजूला खूण करायला चौकोन. आतल्या सगळ्या खुणा झाल्याशिवाय बाहेरच्या ट्रेची खूण होईचना.

माझं बावीस वर्षांचं डोकं त्या काचेवर उलगडून पडलं होतं. मी मान्य करते की ते सुंदर होतं. म्हणूनच माझा असा जळफळाट झाला. वाईट असतं तर मी तिला मायेने जवळ घेतलं असतं.

मोठ्या बाईंनी वरच्या सिस्टरना बोलावून ते दाखवलं. बारकी म्हणाली, "मोजायची पद्धत मावशीची आहे, मी फक्त पानावर आणली." सगळ्यांनी माझ्याकडे बघून माना डोलावल्या आणि पुन्हा पानाकडे बघायला लागल्या. घरी आले तर आमचे हे दारातच. "अगं, तुझ्या बहिणीचा फोन होता. बारकीने कमालच केली म्हणे! तुमच्या खात्यात कुणाला जमलं नाही ते केलं!"

"खात्यात होतं कोण करायला? मीच होते ना?" मी म्हटलं.

"तेच तर म्हणतोय," हे म्हणाले. त्या दिवशी मी जेवायला वाढताना पातेलं इतक्या जोरात ठेवलं की ह्यांनी आमटी दुसऱ्यांदा मागितली नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी जळून जळून गप्प बसले असते. पण शुक्रवारी मोठ्या बाई म्हणाल्या, "ताई, एक तारखेपासून शेवटची सही बारकी करेल. पानावर सगळ्या खुणा झाल्या की सही, सोपं आहे. तुम्हालाही जरा आराम. किती वर्षं ओढताय." त्या खरंच चांगल्या मनाने बोलत होत्या, म्हणून जास्तच लागलं. मी हसून "बरं झालं बाई," म्हटलं आणि कापडाच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. आता मला हाक कशाला मारतील? घड्या घालायला.

फाइलमध्ये फक्त कानाच्या ऑपरेशनचा सेट घ्यायचा राहिला होता. तो नाजूक, म्हणून कायम मीच बांधायचे. बारकीने त्याला कधी हात लावला नव्हता. तयार सेट बांधून सील झालेले, ते नुसतं बघायला म्हणून फोडता येत नाहीत. म्हणून मी तोंडी सांगायचं आणि तिने टाइप करायचं, असं ठरलं. आम्ही दोघी कॉम्प्युटरपाशी बसलो. मी सांगत गेले, ती भराभर लिहीत गेली. लहान ट्रे. त्यात चपटा डबा. डब्यात शोषणनळ्या चार, चाकू दोन, हुकांची डबी एक.

"मावशी, ह्या डबीच्या आत?"

आत तीन हुक असतात. केसाएवढ्या टोकाचे, तिन्हींची टोकं वेगळी. धुण्याकडून डबी बंद होऊन, वर टेपची पट्टी लावून येते, आणि पट्टी असली की आतलं सगळं ठीक असं सगळे धरून चालतात. मी धरत नसे. बावीस वर्षं मी ती पट्टी काढून, तिन्ही हुक भिंगाखाली बघून, नवी पट्टी लावत आले. कारण धुण्याच्या जाळीत हुक अडकतो. वर्षातून दोनदा तरी अडकतोच.

"आत काही नाही," मी म्हटलं. "डबी म्हणजे डबी."

बोटं थांबवून ती म्हणाली, "नक्की? हुकांची डबी म्हणतेयस, मग हुक किती ते टाकू ना?"

"ती धुण्याकडून बंद होऊन येते. उघडायची नाही. उघडलीस की हुक उडतात. एक डबी, एवढंच लिही."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग लिहिलं. पानावर ती ओळ आली, बाजूला बाण नसलेली. बारकीने माझ्या तोंडचा शब्द घेतला होता, कारण मी तिची मावशी होते आणि मी तिला कधी चुकीचं शिकवलं नव्हतं.

खरं सांगते, कुणाला इजा व्हावी असं माझ्या मनात नव्हतं. माझ्या मनात एवढंच होतं की एक काहीतरी असं असू दे, जे मला माहीत आहे आणि हिच्या पानाला माहीत नाही. कधीतरी अडेल आणि मला हाक मारतील.

एक तारखेला सोमवार होता. बारकीने कानाचा सेट बांधायला घेतला. मी शेजारच्या टेबलावर कापडाच्या घड्या घालत होते. एकेक ओळ उघडत, खूण करत ती खाली उतरली. हुकांची डबी उचलली, पट्टी बघितली, ठेवली, खूण केली. माझे हात घडीवर थांबले. मी बोलू शकत होते. "थांब, ती उघडून बघ," एवढे चार शब्द. मनात आलं, एकदा हुक कमी निघू दे. निघेलच असं कुठे आहे? आणि निघालाच तर बरंच आहे. मी दुसरं कापड उचललं. तिने चिठ्ठीवर सही केली, कापड बांधलं, सेट वाफेत गेला.

मंगळवारी सकाळी पावणेअकराला वरून फोन आला. टेबलावर एक सुतार होता, कानाने अधू होत चाललेला, भूल देऊन कान उघडलेला. सर्जनने डबी उघडली, तर आत दोनच हुक. हवा होता तोच नव्हता. दुसरा कानाचा सेट आधीच्या ऑपरेशनमध्ये वापरून खाली आलेला. त्यातला हुक धुऊन, वाफ देऊन वर पोचेपर्यंत पस्तीस मिनिटं गेली. पस्तीस मिनिटं तो माणूस कान उघडा ठेवून निपचित पडून राहिला. ऑटोक्लेव्हच्या काट्यासमोर मीच उभी होते. काटा सरकता सरकत नव्हता.

सुतार बरा झाला. कान चांगला झाला, चार दिवसांनी घरी गेला. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी कळलं ते एवढंच की सर्जन वर थयथयाट करतोय आणि मोठ्या बाई खाली येतायत.

हरवलेला हुक धुण्याच्या जाळीत सापडला. बाईंनी बारकीचं पान उघडलं, कानाचा सेट उलगडला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे नुसती डबी आहे. आतले हुक कुठेत? तुला कुणी सांगितलं नाही का आत काय असतं ते?"

मी तीन हात अंतरावर उभी होते. आता ही सांगणार, आणि सांगायलाच हवं, तिच्या जागी मी असते तर एव्हाना सांगून मोकळी झाले असते.

बारकी म्हणाली, "मी विचारलंच नाही, मॅडम. डबी म्हणजे एक वस्तू असं मीच धरलं. चूक माझी आहे."

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. आवाज कापत नव्हता. इतक्या सरळपणे "चूक माझी" म्हणता येतं, हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं, आणि लाजायचं सोडून मला पुन्हा तिचा हेवाच वाटला. हेसुद्धा हिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं!

"तरी मी म्हणत होते, अनुभव तो अनुभव," मोठ्या बाई म्हणाल्या. कधी म्हणत होत्या कोण जाणे. "ताई, सही तुमच्याकडेच राहू दे. बारकी, तू नुसतं पान सांभाळ." चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी बोलायला तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते "बरं बाई."

याला आता सात महिने झाले. सही मीच करते. मोठ्या बाईंना मी अजून सांगितलेलं नाही. रोज जिना उतरताना ठरवते आणि रोज राहून जातं. बारकी माझ्याशी भांडली नाही, अबोला धरला नाही, बहिणीलाही काही बोलली नाही. बहीण फोनवर अजून म्हणते, "तू आहेस म्हणून पोरीला आधार आहे बघ." दुपारी बारकी माझ्या शेजारीच बसते. तिने एकदा कडाकडा भांडावं म्हणून मी तिला चार वेळा उगाच टोचूनही बघितलं. ती हसते.

मागच्या आठवड्यात डोळ्यांच्या ऑपरेशनचे नवे सेट आले. अजून सील न झालेले, टेबलावर उघडे मांडलेले. बारकीने फाइल उघडली. "मावशी, तू सांग, मी लिहिते." मी सांगितलं, अगदी तळापर्यंत सांगितलं, काही म्हणता काही राखलं नाही. शेवटी एक छोटी डबी राहिली.

"हिच्या आत, मावशी?"

"दोन सुया. एक सरळ, एक वाकडी."

"दोन सुया," ती म्हणाली, आणि तसं लिहिलं. मग हातमोजा घातला, डबी जवळ ओढली, माझ्यासमोरच तिचं झाकण उघडलं आणि मोजल्या.